दुसऱ्या खुर्चीला प्रश्न विचारायचे नाहीत?

पनवेल महापालिकेत उपमहापौराची निवड होण्याआधी त्या पदासाठी इच्छुक असलेल्या नगरसेवकांनी कामोठ्यातल्या एखाद्या सभागृहात समोरासमोर बसावे, नागरिकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत आणि एकमेकांनाही प्रश्न विचारावेत, अशी सूचना आमच्याकडच्या काही रहिवाशांनी केली. आमच्या परिसरातल्या एका जाणत्या गृहस्थांनी, ज्यांचा शब्द सोसायट्यांच्या सभांत झेलला जातो, ती तिथल्या तिथे निकालात काढली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. उपमहापौर हे शोभेचे पद, गाडीची स्टेपनी. त्याला मत देणार नगरसेवक, तेही पक्षाचा आदेश असेल तसे. मग नागरिकांपुढे चर्चेचा खटाटोप कशाला? उमेदवारांना आमनेसामने उभे करणे हे अमेरिकेचे खूळ आहे, आपल्या मातीतले नाही. तिकडेही उपाध्यक्षपदाच्या चर्चेतून जगाच्या लक्षात काय राहिले, तर एका उमेदवाराच्या केसांवर बसलेली माशी. शिवाय अशा चर्चेत बोलघेवडा भाव खाऊन जातो आणि काम करणारा मागे पडतो.

या भाषणाला टाळ्या पडल्या. मला भाषणापेक्षा टाळ्यांची चीड आली. मानसरोवर स्टेशनला उतरून घरी येईपर्यंत रस्ता, पाणी, कर यांबद्दल तावातावाने बोलणारी माणसे, त्याबद्दल कोणाला जाब विचारायची संधी आली की ती नाकारणाऱ्याला अशा टाळ्या देतात.

आधी त्या स्टेपनीचे पाहू. सायन-पनवेल महामार्गावर रोज गाडी घालणाऱ्या कोणालाही विचारा, स्टेपनीत हवा आहे की नाही हे केव्हा पाहायचे. चाक बसल्यावर, रात्री, पावसात, मागून ट्रेलर येत असताना ते पाहणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. गृहस्थांनी स्वतःच दिलेला दाखला त्यांच्या विरोधात साक्ष देतो, आणि हे त्यांच्या ध्यानात येऊ नये याचे मला खरोखर आश्चर्य वाटते.

शोभेच्या पदांचा आपल्याच देशातला इतिहास पाहा. 3 मे 1969 रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे पदावर असताना निधन झाले आणि उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्याकडे राष्ट्रपतिपदाचे काम आले. 19 जुलैला देशातल्या 14 मोठ्या बँका सरकारच्या ताब्यात घेणारा अध्यादेश निघाला, त्याखालची सही गिरींची. दुसऱ्याच दिवशी त्यांनी राजीनामा दिला, कारण त्यांना राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवायची होती. मग उपराष्ट्रपतीही उरला नाही आणि सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांना काही आठवडे राष्ट्रपती म्हणून काम पाहावे लागले. त्या 14 बँकांत आपली पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्रही होती. आज कामोठ्यातल्या ज्यांचे पगार आणि गृहकर्जाचे हप्ते राष्ट्रीयीकृत बँकेच्या खात्यातून फिरतात, त्यांच्या व्यवहारावर एका 'शोभेच्या' माणसाच्या सहीची सावली आहे. निर्णय चांगला होता की वाईट, तो वाद वेगळा. राज्यसभेत सभापतीच्या खुर्चीवर बसण्यासाठी निवडलेला माणूस एका सकाळी देशाच्या सर्वोच्च खुर्चीवर होता, एवढे इथे पुरेसे आहे.

आठ वर्षांनी तेच झाले. 11 फेब्रुवारी 1977 रोजी राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद गेले आणि उपराष्ट्रपती बी. डी. जत्ती कार्यकारी राष्ट्रपती झाले. एप्रिलमध्ये नव्या जनता सरकारने 9 राज्यांच्या विधानसभा बरखास्त करण्याचा सल्ला दिला. जत्ती यांनी लगेच सही केली नाही. दिल्लीत पेच उभा राहिला, तर्कवितर्क सुरू झाले आणि अखेर सही झाली. मंत्रिमंडळाचा सल्ला आणि स्वतःची विवेकबुद्धी यांत हा माणूस कुठे उभा राहील, हा प्रश्न त्याला उपराष्ट्रपती करताना जाहीरपणे विचारण्याची आपल्याकडे रीतच नव्हती. अजूनही नाही. 21 जुलै 2025 रोजी उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांनी पावसाळी अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी राजीनामा दिला, 9 सप्टेंबरला नवी निवडणूक झाली, आणि तोवर महाराष्ट्राचे राज्यपाल असलेले सी. पी. राधाकृष्णन 452 विरुद्ध 300 मतांनी निवडून आले. त्यांचे प्रतिस्पर्धी बी. सुदर्शन रेड्डी सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते. सभागृह चालवणारा माणूस निःपक्ष कसा राहतो, या एकाच विषयावर या दोघांना एका मंचावर दोन तास ऐकायला मिळाले असते तर देशाचे काही बिघडले नसते. ती चर्चा झाली नाही.

महाराष्ट्रातले उदाहरण हवे असेल तर उपमुख्यमंत्रिपद घ्या. राज्यघटनेत ते नाही. 1978 मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारात नाशिकराव तिरपुडे पहिले उपमुख्यमंत्री झाले, कारण दोन काँग्रेसना एकत्र नांदायचे होते. सरकार काही महिन्यांतच कोसळले, आणि त्या दोन पक्षांच्या ओढाताणीच्या हकिगतीत या दुसऱ्या खुर्चीला वगळून पुढे जाता येत नाही. घटनेत नसलेले हे पद तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक आघाडी-युतीच्या वाटाघाटीत मध्यभागी येऊन बसले आहे.

आता पनवेल. महापालिका 1 ऑक्टोबर 2016 रोजी झाली, पहिली निवडणूक मे 2017 मध्ये, जागा 78. कविता चौतमोल पहिल्या महापौर, चारुशीला घरत पहिल्या उपमहापौर. पुढे पाच वर्षांत महापौर त्याच राहिल्या आणि उपमहापौर मात्र बदलत गेले. हे का होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. महापौरपदाचे आरक्षण मंत्रालयातल्या सोडतीत ठरते. तिथे पक्षाचे हात बांधलेले असतात. उपमहापौरपदाला आरक्षण नाही, म्हणून रुसलेल्याची समजूत, मित्रपक्षाचा वाटा, कुठल्या गावाला न्याय, कुठल्या वसाहतीला संधी, हे सगळे हिशेब त्या एका पदावर चुकते केले जातात. कायद्याने मुदत अडीच वर्षांची, पण अनेकदा आतल्या आत ती वर्ष-सव्वा वर्षाची ठरलेली असते. पक्षांना ज्या पदाची इतकी खुली देवघेव करावीशी वाटते ते पद बिनमोलाचे कसे? महापौर नसतील तेव्हा महासभेचे अध्यक्षस्थान उपमहापौराकडे येते. कोणाला बोलू द्यायचे, कोणता विषय तहकूब करायचा, मते समसमान पडली तर निर्णायक मत कुठे टाकायचे, हे त्या दिवशी तोच ठरवतो. करवाढीचा विषय नेमका त्याच दिवशी आला तर? गृहस्थांनी महासभेची कार्यक्रमपत्रिका कधी वाचली आहे काय, असे विचारावेसे वाटते.

आता गृहस्थांनी जिथले खूळ म्हटले त्या अमेरिकेचे. तिथे आजवर 9 उपाध्यक्ष मध्येच अध्यक्ष झाले, आठ जण अध्यक्षाच्या मृत्यूमुळे आणि एक राजीनाम्यामुळे. ट्रुमन यांना तर उपाध्यक्ष होऊन तीन महिनेही झाले नव्हते. अणुबॉम्बची तयारी चालू असल्याचे त्यांना सविस्तर कळले ते एप्रिल 1945 मध्ये अध्यक्ष रुझवेल्ट गेल्यावर. त्या देशाने 1976 मध्ये ह्यूस्टनला पहिल्यांदा उपाध्यक्षपदाच्या उमेदवारांना, मॉन्डेल आणि डोल यांना, समोरासमोर आणले ते हौस म्हणून नव्हे.

दुसरा मुद्दा मातीचा. वादविवाद आपल्या मातीतला नाही म्हणे. पूर्वपक्ष मांडल्याशिवाय उत्तरपक्षाला तोंड उघडू न देणारी परंपरा कुणाची? शंकराचार्य आणि मंडनमिश्र यांच्या वादात मंडनमिश्रांच्या पत्नीला, उभयभारतीला, पंच नेमल्याची कथा घराघरात सांगितली जाते ती कुणाच्या? आणि कथा पुरेशी नसेल तर इतिहास घ्या. आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या शिरवलीला 1825 मध्ये जन्मलेले विष्णुबुवा ब्रह्मचारी 1857 च्या पूर्वार्धात मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर उघड्यावर मिशनऱ्यांशी वाद घालत होते. लोक भोवती बसून ऐकत, प्रतिपक्ष उत्तर देई, पुन्हा प्रत्युत्तर होई. त्याची पुस्तके दोन्ही बाजूंनी निघाली. बुवांची सगळी मते आज कोणी मान्य करणार नाही, मीही करत नाही. पण ज्याचे मत खोडायचे त्याला समोर बसवून, सर्वांदेखत खोडायचे, ही सवय कामोठ्यापासून फार तर एका दिवसाच्या प्रवासाच्या टापूत दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी होती. तिला परदेशी ठरवणारा माणूस स्वतः मात्र प्रतिपक्ष गैरहजर असलेल्या सभेत एकटा बोलतो आणि टाळ्या घेतो. ही रीत कुठल्या मातीतली, ते त्यांनी सांगावे.

आता ती माशी. 7 ऑक्टोबर 2020, सॉल्ट लेक सिटी, तेव्हाचे उपाध्यक्ष माइक पेन्स विरुद्ध कमला हॅरिस. माशी बसली हे खरे. पण त्याच चर्चेत पेन्स यांना विचारले गेले होते की तुमच्या अध्यक्षांनी सत्तेचे शांततापूर्ण हस्तांतर नाकारले तर तुम्ही काय कराल. पेन्स यांनी सरळ उत्तर टाळले. तीनच महिन्यांनी, 6 जानेवारी 2021 रोजी, हा प्रश्न खराखुरा त्यांच्यापुढे आला. संसदेत मतमोजणीच्या अध्यक्षस्थानी तेच होते, बाहेर जमाव होता, आणि त्यांच्यावर दबाव होता तो त्यांच्याच अध्यक्षांचा. त्या दिवशी त्यांनी कायद्याप्रमाणे काम केले. म्हणजे प्रश्नकर्तीने नेमक्या जागी बोट ठेवले होते, तीन महिने आधी, कोट्यवधी लोकांदेखत. ज्याला त्या दीड तासातून माशीच आठवते, त्याने चर्चेला दोष देऊ नये. आपण काय पाहिले याचा विचार करावा.

बोलघेवडा जिंकतो, या आक्षेपात मात्र तथ्याचा अंश आहे, आणि तो मी लपवणार नाही. अमेरिकेत चर्चेआधी अपेक्षांचा एक व्यापार चालतो. आपला उमेदवार कच्चा आहे असे त्याच्याच गोटातून पसरवले जाते, म्हणजे तो अडखळला नाही तरी जिंकल्यासारखा दिसतो. 2008 मध्ये सारा पेलिन यांच्याबद्दल अपेक्षा इतक्या खाली गेल्या होत्या की त्या नीट बोलल्या हीच बातमी झाली. जवळजवळ 7 कोटी लोकांनी ती चर्चा पाहिली, त्या वर्षीच्या अध्यक्षीय चर्चांपेक्षाही जास्त. 1 ऑक्टोबर 2024 ला न्यूयॉर्कमध्ये टिम वॉल्झ आणि जे. डी. व्हॅन्स समोरासमोर आले, तेव्हाही वॉल्झ या कामात कच्चे आहेत ही हवा आधीच होती, आणि व्हॅन्स सफाईने बोलले. पण त्याच सफाईदार वक्त्याला विचारले गेले की 2020 ची निवडणूक ट्रम्प हरले का, आणि त्याने हो किंवा नाही काहीच म्हटले नाही. वक्तृत्वाचा उपयोग तिथे संपला. टाळलेले उत्तर सगळ्यांना दिसले आणि नोंदले गेले. निकाल त्याने बदलला नाही, हेही खरे. मला निकाल बदलायचाच नाही. मला नोंद हवी आहे.

उरले दोन आक्षेप. नगरसेवक मत देतात, नागरिक नाहीत: म्हणूनच तर नागरिकांना निदान ऐकायला मिळावे. पक्षाचा आदेश असतो: मग इच्छुकाने तेवढेच सर्वांसमोर सांगावे.

या निमित्ताने एक जुना वाद उकरणे भाग आहे. महापालिका व्हावी की नाही यावर इथे भांडण होते तेव्हा काहीजण विचारत होते की सिडकोच्या वसाहतींतल्या रहिवाशांवर कर कधीपासून आणि कोणत्या सेवांबद्दल लागणार. त्यांना गप्प करणारे हेच सांगत होते: आधी होऊ द्या, मग बघू. झाली. मग मालमत्ता कराची बिले आली ती 1 ऑक्टोबर 2016 पासूनची थकबाकी धरून, आणि ज्या काळात सिडकोला सेवाशुल्क भरले त्याच काळासाठी. दुहेरी कराचा तो वाद मोर्चे, निवेदने, न्यायालय असा फिरत राहिला, शास्तीचा आकडा वाढत राहिला. मध्येच जुलै 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि 15 जानेवारी 2026 ला मतदान होईपर्यंत प्रशासकाचा कारभार होता. साडेतीन वर्षे महापौर नाही, उपमहापौर नाही, विचारायला समोर कोणी नाही. वेळेवर न विचारल्याची किंमत कामोठे, खारघर, कळंबोली, नवीन पनवेल या सगळ्यांनी मोजली आहे. आता विचारायला माणसे आहेत, तर म्हणे ते शोभेचे पद आहे.

माझी मागणी फार मोठी नाही. निवडीच्या आधीच्या आठवड्यात एक संध्याकाळ, दोन तास. इच्छुक जेवढे असतील तेवढे, पक्षाच्या झेंड्याशिवाय. प्रश्न आधी लेखी घ्यावेत, ते विचारणारा कोणत्याही पक्षाचा नसावा, चित्रीकरण अखंड असावे आणि ते कापाकापी न करता सर्वांना मिळावे. कोणी आला नाही तर त्याची खुर्ची मंचावर रिकामी राहील, तिच्यावर त्याच्या नावाची पाटी राहील. याने पाण्याचा दाब वाढणार नाही आणि खड्डे बुजणार नाहीत. पुढे महासभेत तो माणूस अध्यक्षस्थानी बसेल तेव्हा त्याने काय म्हटले होते ते आमच्याजवळ असेल, इतकेच.

तीन प्रश्न मी माझ्या परीने लिहून ठेवले आहेत. दुहेरी कराचा विषय तुमच्या अध्यक्षतेखाली आला तर तुम्ही तो चर्चेला घ्याल की तहकूब कराल? मते समसमान पडली आणि पक्षाचा आदेश एकीकडे, कामोठ्याचे हित दुसरीकडे असेल तर निर्णायक मत कुठे जाईल? आणि तुमची मुदत अडीच वर्षांची आहे, की आतल्या आत कमी ठरली आहे? चौथा प्रश्न त्या गृहस्थांसाठी मोकळा ठेवला आहे. त्यांनी यावे आणि माझ्यासमोर, त्या मंचावर, सांगावे की यातला कोणता प्रश्न शोभेचा आहे.