लॉजिस्टिक्समध्ये आहे!

‘मी ट्रक चालवणार आहे.’

रविवारचं जेवण, मटणाचा रस्सा आणि मध्येच हे वाक्य. आत्याचा डाव हवेतच थांबला. आतोबांनी तोंडातला घास गिळला आणि थेट मुद्द्यावर आले, ‘मुलगी कोण देणार तुला?’

माझा आतेभाऊ. वय २३, बीकॉम. खराडीतल्या एका चकाचक इमारतीत नवव्या मजल्यावर बसून कुणाकुणाच्या विम्याचे आकडे या रकान्यातून त्या रकान्यात टाकायचा. गळ्यातलं आयडी कार्ड आत्याला देव्हाऱ्यातल्या टाकाइतकं पवित्र. ते काढून पोरगं स्टिअरिंग धरतंय म्हटल्यावर घरात ठराव पास झाला, ताईनं त्याला समजवायचं. ताई म्हणजे मी. आयटीवाली, ईएमआयवाली, म्हणून समजूतदार.

नेलं त्याला कॉफी प्यायला. समजवायला गेले आणि दीड तास त्याचंच लेक्चर ऐकून आले.

तुमच्याही डोक्यात असा किडा वळवळत असेल (सोमवारी सकाळच्या मीटिंगमध्ये तर हमखास!), तर ऐका. कारचं लायसन्स १८ व्या वर्षी मिळतं, पण व्यावसायिक वाहनासाठी वय २० लागतं. शिवाय कारचं लायसन्स हातात येऊन किमान एक वर्ष झाल्याशिवाय त्याचं लर्निंगसुद्धा मिळत नाही. मग ड्रायव्हिंग स्कूलचं सर्टिफिकेट, मग आरटीओची टेस्ट. आठवी पासची अट २०१९ मध्येच निघाली. ‘म्हणजे माझं बीकॉम इथंही बिनकामाचंच,’ इति आतेभाऊ. आणखी एक, साडेसात हजार किलोपर्यंतचा टेम्पो कारच्या लायसन्सवर चालवता येतो, असं सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणून यानं सुरुवात छोट्या हत्तीवर केली. पहाटे चारला मार्केट यार्ड, सातपर्यंत दुकानांत भाजी पोच. सात-आठ महिने त्याच्या अंगाला परफ्यूमऐवजी कोथिंबिरीचा वास यायचा. मग हेवीचं लायसन्स काढलं.

पण लायसन्स मिळालं म्हणजे ट्रक आला, असं नाही हं. पूर्वी पोरगं आधी क्लीनर व्हायचं. टायर ठोकून बघायचे, काच पुसायची, उस्तादाच्या शिव्या खायच्या आणि दोन-तीन वर्षांनी कुठंतरी मोकळ्या रस्त्यावर पहिल्यांदा स्टिअरिंग हातात यायचं. आता कित्येक मालक क्लीनर ठेवतच नाहीत, एक पगार वाचतो. मग शिकणार कुठं आणि कुणाकडून? आमच्याला नशिबानं सोलापूरकडचे एक काका भेटले, तीस वर्षं हायवेवर काढलेले. त्यांच्या शेजारी सेकंड ड्रायव्हर म्हणून पुणे-बंगळुरू.

इथं माझा स्वार्थ सांगते. मी नऱ्ह्यात राहते. रोज संध्याकाळी माझी स्कूटर नवले पुलाखालून जाते. कात्रजचा नवा बोगदा ओलांडला, की हायवे सरळ आमच्या डोक्यावर उतरतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच उतारावरून आलेल्या ट्रकनं कित्येक गाड्या ठोकल्या होत्या. तेव्हा सगळ्या पुण्यानं घातल्या तशा शिव्या मीही घातल्या होत्या, ‘हे ट्रकवाले!’

आता घरातच ट्रकवाला. त्याला विचारलं, असं होतं तरी कसं? त्यानं टेबलावर मिठाची बाटली उतरवून दाखवली. डिझेल वाचवायला कुणी उतारावर गाडी न्यूट्रल करतं, कुणी इंजिनच बंद करतं. इंजिन चालू आणि गिअर खालचा असेल, तर इंजिनच गाडीला ओढून धरतं. न्यूट्रलमध्ये पंचवीस-तीस टनांचा सगळा भार ब्रेकवर. पुन्हा पुन्हा दाबले की ब्रेक तापतात आणि पकडच सुटते. इंजिन बंद केलं तर आणखी मजा. एअर ब्रेकमध्ये हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवरच चालतो. काकांनी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ‘ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतर. मागचे बोंबलू देत.’

सगळं रोमँटिक आहे असं मुळीच समजू नका. माल भरायला नंबर लावून दीड दिवस थांबायचं, त्याचे पैसे नाहीत. दिवसाला आठ तास काम, हे १९६१ सालच्या कायद्यात लिहिलं होतं. डिलिव्हरीची वेळ देणाऱ्यानं ते वाचलेलं दिसत नाही. बाथरूमसाठी पेट्रोल पंप बघत जायचं. गेल्या महिन्यात तो घरी चार रात्री झोपला. पगार जुन्या नोकरीपेक्षा जरा बरा, वर भत्ता, पण कंबर पन्नाशीची झालीय.

आणि मुलगी? मागच्या महिन्यात पाहुणे आले. ‘काय करतात?’ आत्या तत्परतेनं म्हणाली, ‘लॉजिस्टिक्समध्ये आहे!’ हा पोह्यांची बशी खाली ठेवून म्हणाला, ‘ट्रक चालवतो.’ घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. आतोबा पंख्याकडे बघत बसले. तेवढ्यात मुलगीच म्हणाली, ‘केबिनला एसी आहे?’ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकना एसी केबिन सक्तीची आहे, हे तिला ठाऊक होतं! याची गाडी २०१९ ची. ‘नाही,’ म्हणाला. पाहुण्यांचा निरोप अजून आलेला नाही. आत्या फोन उशाशी घेऊन झोपते.

काल रात्री साडेदहाला मला त्याचा फोन. खेड शिवापूरला चहा पीत होता.

‘ताई, घरी पोचलीस का?’

‘केव्हाच. का रे?’

‘काही नाही. आता काका झोपणारेत, उतार मीच घेणार आहे. सावकाश येतो.’