भोपळ्याच्या शेतात जा, पण सकाळी जा!

ऑक्टोबर उजाडला की अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून व्हॉट्सअॅपवर एका ठरावीक प्रकारचे फोटो येऊ लागतात. केशरी भोपळ्यांच्या ढिगात बसलेली नातवंडे, मागे गवताच्या गंज्या, शेजारी मित्रांची दोन-तीन कुटुंबे. हॅलोविनच्या आधी भोपळ्याच्या शेतावर सहल काढायची तिकडे पद्धतच आहे. त्यातले बरेचसे भोपळे कोरले जातात, आत दिवा लागतो आणि चार दिवसांनी ते कचऱ्यात जातात. आपण भोपळा पिकवतो तो खाण्यासाठी. तरी तो वेलीवर कसा धरतो, हे आपल्या शहरातल्या किती मुलांनी पाहिले आहे?

नाशिकच्या गंगापूर रोडला सहलींची वाण नाही. सोमेश्वरचा धबधबा, गंगापूर धरणाचा परिसर, द्राक्षबागा आणि वायनरी यांच्याकडे रविवारी गाड्यांची रांग लागते. दोन-तीन कुटुंबे मिळून निघतात, जेवतात, फोटो काढतात आणि परततात. शेत असते, पण फोटोच्या मागच्या बाजूला. माझे म्हणणे एवढेच आहे की, यातली वर्षाकाठी एखादी तरी सहल भाजीच्या शेतात व्हावी, सकाळी व्हावी आणि मुलांचे हात मातीला लागावेत. हा केवळ हौसेचा प्रश्न नाही, मुलांच्या ताटाचा आहे.

सकाळीच का? कारण लाल भोपळ्याचे, म्हणजे डांगराचे फूल पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत मिटते. एक फूल एकच दिवस. पावसाळी लागवडीच्या वेलावर गणपती-नवरात्राच्या सुमारास फुले आणि फळे दोन्ही पाहायला मिळतात. या वेलावर नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात. मादी फुलाच्या देठाशी इवलासा भोपळा आधीच तयार दिसतो. नर फूल नुसत्या सडसडीत देठावर असते. मुलांना एकदा फरक दाखवा, पुढची फुले ती स्वतः शोधतात. परागकण जड आणि चिकट असल्याने वाऱ्याने उडत नाहीत. ते मधमाश्यांनीच न्यावे लागतात. पुरेशा माश्या आल्या नाहीत तर कोवळे फळ गळते किंवा वेडेवाकडे वाढते. शेजारच्या बागेतल्या द्राक्षांचे तसे नाही. त्यांच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, त्यामुळे त्यांना मधमाशीची फारशी गरज पडत नाही. पाठ्यपुस्तकातला परागीभवनाचा धडा दोन बांधांच्या अंतरात असा समजतो. वेल फुलावर असताना सकाळी कीटकनाशक का फवारू नये, हेही मग वेगळे सांगावे लागत नाही.

आता ताटाकडे येऊ. ‘आमचा मुलगा भाजीच खात नाही’ ही तक्रार घरोघरी आहे. नवी चव मुलांना एकदम आवडत नाही. आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा ती जिभेवर यावी लागते. आपण मात्र दोन-तीन वेळांतच हार मानतो. शाळेच्या बागेत भाज्या पिकवणाऱ्या मुलांवर अनेक देशांत अभ्यास झाले आहेत. स्वतः हाताळलेली भाजी चाखून पाहण्याची मुलांची तयारी वाढते, असे त्यांतून दिसते. रोजच्या खाण्यात त्यामुळे किती फरक पडतो, याचे निष्कर्ष मात्र संमिश्र आहेत. म्हणूनच नुसत्या सहलीवर भिस्त ठेवू नये. शेतकऱ्याकडून रीतसर भाव देऊन एक भोपळा विकत घ्यावा, मुलांनीच तो उचलून आणावा आणि त्याच आठवड्यात तो घरी शिजावा.

भोपळ्याचा केशरी रंग बीटा कॅरोटीनचा. शरीर त्यापासून गरजेप्रमाणे अ जीवनसत्त्व तयार करते. ते डोळ्यांसाठी आणि रोगप्रतिकारशक्तीसाठी लागते. आपल्याकडे बाळाला नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत त्याचे डोस देतात, ते याचसाठी. बीटा कॅरोटीन अंगी लागायला थोडी स्निग्धता हवी आणि भाजी शिजलेली असली तर ते सहज मिळते. म्हणजे मोहरी-मेथीची फोडणी दिलेली आजीची भाजी विज्ञानाच्या कसोटीवर उतरते. घारगेही चांगलेच; मात्र त्यांत गूळ आणि तळण असते, म्हणून ते सणापुरते ठेवावेत. बिया फेकू नका. धुऊन, वाळवून भाजल्या की मॅग्नेशियम आणि जस्त देणारा खाऊ तयार. एक सावधगिरी मात्र बाळगा : भोपळा किंवा दुधी कडू लागला तर तो खाऊ नका. या कुळातल्या फळांतली कडू द्रव्ये विषारी असतात आणि ती शिजवूनही जात नाहीत.

शेतात जाण्याचेही काही नियम आहेत. मालकाला आधी विचारा. फवारणी केव्हा झाली याची चौकशी करा. नुकतीच झाली असेल तर मुलांना तिकडे नेऊ नका. पायात बूट असावेत, धनुर्वाताची लस वेळेवर झालेली असावी. गोठ्यात गाईला हात लावल्यावर आणि डबा उघडण्यापूर्वी साबणाने हात धुवा. सॅनिटायझरने माती निघत नाही. मातीत खेळण्याला मात्र भिऊ नका.

गंगापूर रोडवर इमारती दरवर्षी थोड्या पुढे सरकतात आणि भाजीचे मळे तेवढे मागे हटतात. आज अर्ध्या तासावर असलेला वेल उद्या एक तासावर जाईल. मुलांची भाजीशी पहिली ओळख फोनवर दहा मिनिटांत आलेल्या, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या फोडीशी व्हायची नसेल, तर येत्या रविवारी सातला निघा. अकरापर्यंत फुले मिटलेली असतील.