चेहऱ्याची गरज किती, बाजाराची किती?

चेहऱ्याच्या निगेसाठी नेमकी किती उत्पादने लागतात, हा प्रश्न वरकरणी घरगुती वाटतो. अलीकडच्या घडामोडी पाहता तो आता आरोग्याचा, करधोरणाचा आणि ग्राहकहक्काचाही झाला आहे. जून २०२५ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या बालरोगशास्त्राच्या नियतकालिकात अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांनी वय तेरा वर्षे नोंदवून टिकटॉकवर खाती उघडली आणि समोर आलेल्या त्वचानिगेच्या शंभर चित्रफिती तपासल्या. त्यांतील सात ते अठरा वर्षांच्या मुली सरासरी सहा उत्पादने चेहऱ्याला लावत होत्या. त्यांवरील सरासरी मासिक खर्च १६८ डॉलर, म्हणजे सुमारे चौदा हजार रुपये होता. सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या २५ चित्रफितींत त्वचेचा दाह करू शकणारे सरासरी अकरा घटक आढळले. दिवसा वापरायच्या उत्पादनांत सनस्क्रीनचा समावेश मात्र केवळ २६ टक्के चित्रफितींत होता.

या आकड्यांतील शेवटचा आकडा सर्वांत बोलका आहे. बाटल्यांची संख्या वाढली; जिची खरी आवश्यकता होती, तीच बाटली गळाली. भारतात टिकटॉकवर जून २०२० पासून बंदी असली, तरी याच धाटणीची रीळे इन्स्टाग्राम व यूट्यूबवरून आपल्या घरांतील मुलामुलींपर्यंत रोज पोहोचतात. त्यामुळे हा निष्कर्ष परदेशाचा म्हणून बाजूला सारता येणार नाही.

त्वचारोगतज्ज्ञांचे सर्वसाधारण मत या बाबतीत बरेच एकसारखे आहे. निरोगी त्वचेला तीन गोष्टी पुरतात: सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन. यामागचे शास्त्र साधे आहे. त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर मृत पेशी आणि त्यांना सांधणारी स्निग्ध द्रव्ये यांचा बनलेला असतो. ओलावा आत राखणे आणि जंतू व क्षोभक द्रव्ये बाहेर ठेवणे, हे त्याचे काम. हा थर किंचित आम्लधर्मी असतो, तर अंगाला लावायचा नेहमीचा साबण अल्कधर्मी. म्हणून चेहऱ्यासाठी सौम्य पर्याय सुचवला जातो. मॉइश्चरायझर त्या थराची झीज भरून काढण्यास मदत करतो आणि सनस्क्रीन अतिनील किरणांना अडवते. आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, तेलकट त्वचेच्या व्यक्तीला मॉइश्चरायझरची गरज भासेलच असे नाही. तेव्हा ही संख्या दोनवर येते.

चौथे उत्पादन कधी लागते? मुरुमे, वांग, इसब यांसारखा विकार असेल तेव्हा. मात्र ते उपचार म्हणून, निदानानंतर आणि ठरावीक मुदतीसाठी. सीरम, टोनर, एसेन्स, फेसमिस्ट यांना सर्वसाधारण त्वचेच्या दृष्टीने अनिवार्यतेचा दर्जा नाही. कोणाला त्यांचा वापर सुखावह वाटत असेल तर तो आवडीचा भाग आहे. पण आवड आणि गरज यांची गल्लत होऊ नये.

ही गल्लत आपोआप झालेली नाही. गेल्या दशकात दहा टप्प्यांच्या कोरियन निगेचा जगभर बोलबाला झाला. पाठोपाठ प्रत्येक घटकाची वेगळी बाटली विकण्याची पद्धत रुजली: नियासिनामाइडची एक, व्हिटॅमिन सीची दुसरी, रेटिनॉलची तिसरी. या बाजाराचे मोल किती, याचा अंदाज जानेवारी २०२५ मधील एका व्यवहारावरून येतो. हिंदुस्तान युनिलिव्हरने ‘मिनिमलिस्ट’ या नाममुद्रेच्या कंपनीतील ९०.५ टक्के हिस्सा घेण्याचा करार केला, तेव्हा तिचे मूल्यांकन २,९५५ कोटी रुपये धरण्यात आले होते. याच हिंदुस्तान युनिलिव्हरने २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’चे नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ केले होते. गोरेपणाची भाषा मागे पडून रसायनांच्या नावांची आणि टक्केवारीची भाषा पुढे आली. ही भाषा अधिक पारदर्शक आहे, हे मान्य केले पाहिजे. तथापि एका बाटलीत एकच घटक, असा हिशेब ठरला की ग्राहकाच्या टोपलीत बाटल्या वाढणे क्रमप्राप्त ठरते.

अतिरेकाची किंमत केवळ पैशांत मोजावी लागत नाही. आम्लयुक्त द्रव्ये व रेटिनॉल एकाच वेळी वापरल्यास त्वचेचा संरक्षक थर दुबळा होतो, जळजळ सुरू होते. सावळ्या त्वचेत दाह शमल्यावरही काळे डाग मागे राहतात आणि ते घालवण्यासाठी पुन्हा नवे क्रीम आणले जाते. पुष्कळदा ते स्टेरॉइडयुक्त असते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशातील बारा केंद्रांवरील अभ्यासात चेहऱ्याच्या विकारांसाठी आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड क्रीम लावत असल्याचे आढळले होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक क्रीमांच्या विक्रीसाठी डॉक्टरांची चिठ्ठी बंधनकारक केली. केरळमध्ये २०२३ साली मलप्पुरम जिल्ह्यातील मूत्रपिंडविकाराच्या काही रुग्णांचा संबंध पारा असलेल्या, गोरेपणाच्या क्रीमांशी जोडला गेला आणि तेथील औषध नियंत्रण विभागाने ‘ऑपरेशन सौंदर्य’ ही मोहीम हाती घेतली. गोव्यातही बाजारांतून आणि ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या, उत्पादकाचा पत्ता नसलेल्या क्रीमांची अन्न व औषध प्रशासनाने नियमित तपासणी करायला हवी.

सरकारच्या करधोरणातही गरज आणि आवड यांची सरमिसळ दिसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या जीएसटीच्या नव्या दरांत साबणाची वडी, शाम्पू, टाल्कम पावडर आणि फेस पावडर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली. सनस्क्रीन १८ टक्क्यांवरच राहिले. चेहरा सजवणारी पावडर दैनंदिन वापराची आणि चेहऱ्याचे रक्षण करणारे मलम मात्र सौंदर्यप्रसाधन, असा त्याचा अर्थ होतो. पंधरा अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास वसलेल्या गोव्यात ऊन ही वर्षाचा बहुतेक काळ सोबत असणारी गोष्ट आहे. मोटरसायकल पायलट, सायकलवरून पाव पोहोचवणारा पदेर, किनाऱ्यावर राबणारे रापणकार, भरदुपारी बाजारात बसणाऱ्या मासळीविक्रेत्या यांना सनस्क्रीनची गरज सर्वाधिक आहे आणि त्यावर खर्च करण्याची ऐपत बहुधा सर्वांत कमी.

भारतीय त्वचेतील रंगद्रव्यामुळे त्वचेच्या कर्करोगाचा धोका गौरवर्णीयांपेक्षा कमी असतो, हे खरे. म्हणून सनस्क्रीनविषयी भीतीचे वातावरण निर्माण करण्याचे कारण नाही. टोपी, छत्री, लांब बाह्यांचे कपडे यांनीही बरेच काम होते. परंतु वांग आणि काळे डाग यांत उन्हाचा वाटा मोठा आहे. ज्या डागांसाठी महागडी सीरम घेतली जातात, ते सनस्क्रीनशिवाय आटोक्यात येणे कठीण. येथेही आकड्यांच्या मोहात पडू नये. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी किरण अडवते, तर एसपीएफ ५० सुमारे ९८ टक्के. फरक पडतो तो प्रमाणाने. चेहरा व मान यांसाठी दोन बोटांच्या लांबीइतके सनस्क्रीन लागते आणि उन्हात असताना ते दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते.

घरोघरी यातून काय घ्यावे? सध्या वापरात असलेल्या बाटल्यांतील घटक वाचून एकच द्रव्य दोन-तीन ठिकाणी येते का, हे पाहावे. नवे काही आणायचे झाल्यास एका वेळी एकच आणावे. त्वचेच्या पेशी नव्याने तयार होण्यास साधारण चार आठवडे लागतात, तेवढा अवधी परिणाम जोखण्यासाठी द्यावा. दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या हाती वार्धक्य रोखणारी रेटिनॉलची उत्पादने देऊ नयेत. मुरुमे किंवा डाग हटत नसतील, तर चौथी बाटली विकत घेण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. जीएसटी परिषदेने पुढील फेरविचारात सनस्क्रीनला फेस पावडरच्या रांगेत तरी बसवावे, अशी मागणी गोव्याने आपल्या प्रतिनिधीमार्फत करणे रास्त ठरेल.