डबक्यातला प्रवासी

परवा संध्याकाळी पाऊस उघडला आणि आमच्या बुलढाण्यातल्या घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर पिवळे चतुर घिरट्या घालू लागले. पोरं त्यांना हेलिकॉप्टर म्हणतात. लहानपणी आम्ही त्यांच्या शेपटीला दोरा बांधून उडवायचो. आता आठवलं की वाईट वाटतं.

इंग्रजीत याला ‘वाँडरिंग ग्लायडर’ म्हणतात. हा बसलेला क्वचितच दिसतो. बसलाच तर काडीला लोंबकळतो. मादी पावसाच्या साचलेल्या पाण्यात अंडी घालते. अळी पाण्यातच वाढते आणि खालचा जबडा झटकन पुढे फेकून डासांच्या अळ्या पकडते. फुलपाखरासारखा कोष नाही. दीड-दोन महिन्यांत काडीवर चढून कात टाकली, की झाला चतुर! डबकं आटायच्या आत सगळं उरकायचं असतं ना.

आणि हा दोन इंची जीव समुद्र ओलांडतो! मालदीवमध्ये गोडं पाणी फारसं नाही, तरी दर ऑक्टोबरात तिथे चतुरांचे थवे येतात. चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली मांडलं, की ते भारतातून वाऱ्यावर स्वार होऊन पूर्व आफ्रिकेकडे जातात आणि पुढच्या पिढ्या मोसमी वाऱ्यांबरोबर इकडे परततात.

मी मास्तर असताना प्रभातफेरीत ‘डबकी बुजवा, डास हटवा’ अशा घोषणा मुलांकडून वर्षानुवर्षे म्हणवून घेतल्या. आज वाटतं, धडा अर्धाच शिकवला. डेंग्यूचा डास वाढतो तो घरातल्या टाक्यांत, कूलरमध्ये, जुन्या टायरांत. ते पाणी आठवड्याला ओतायलाच हवं, त्यात तडजोड नाही. घराजवळची गटारंही वाहती हवीत. पण गावाबाहेरचं गवताळ, उथळ पाणी दिसलं की मुरूम टाकायचा किंवा औषध फवारायचं, हे मला पटत नाही. औषधाने डासांबरोबर डास खाणाराही मरतो. डास लवकर परत येतात, चतुराला वेळ लागतो.

कधी कधी मादी चकचकीत गाडीलाच पाणी समजते आणि टपावर अंडी घालते. उन्हात ती वाळून जातात. आमच्या प्लॉटसमोर उभ्या गाडीवर परवा तेच चाललं होतं. मागच्या खोलगट जागेत भर टाकायचं ठरतंय. मी शेजाऱ्यांना म्हटलं, दिवाळीपर्यंत थांबा. हसले, पण थांबतो म्हणाले.

तुमच्याकडे या चतुराला काय म्हणतात? कळवा.