आपला पक्षकार कोण?

मृत्युपत्रासाठी पहिला फोन सहसा वडिलांचा नसतो. ‘‘साहेब, बाबांचं मृत्युपत्र करायचंय. मुद्दे व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, तेवढं तुमच्या भाषेत बसवा.’’ बोलणारा मुलगा असतो, कधी जावई. ठरल्या दिवशी तोच बाबांना हाताला धरून आणतो, खुर्चीत बसवतो, त्यांना विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे तोच देतो आणि जाताना फीसुद्धा तोच गूगल पे करतो. पावती मात्र आपण बाबांच्या नावाने फाडतो.

आपल्यापैकी किती जणांना यात काही वावगे वाटते? मलाही बरीच वर्षे वाटत नव्हते. मुलगा लबाडच असतो असेही नाही. बहुतेक वेळा दवाखान्याच्या फेऱ्या त्यानेच मारलेल्या असतात आणि त्याला जास्त मिळावे अशी बाबांचीही इच्छा असते. पण ती इच्छा आपण बाबांच्या तोंडून ऐकलेली नसते, आणि दहा वर्षांनी बहीण कोर्टात गेली की सगळा दावा नेमका याच ठिकाणी येऊन अडतो.

एच. वेंकटचल अय्यंगार खटल्याचा १९५८ चा निकाल आपण सगळेच उद्धृत करतो. न्या. गजेंद्रगडकरांनी त्यात घालून दिलेली कसोटी आजही तशीच लागू आहे: ज्याला मोठा लाभ मिळतो त्यानेच मृत्युपत्र करवून घेण्यात पुढाकार घेतला असेल, तर ती संशयास्पद परिस्थिती ठरते आणि संशय दूर करण्याची जबाबदारी त्याच्यावरच येते. म्हणजे आपल्या कार्यालयात रोज घडणारा हा प्रसंगच कायद्याच्या नजरेत संशयास्पद! नोंदणी केली म्हणून त्यातून सुटका नाही. नोंदणीमुळे दस्त झाला हे कळते, बाबांना तो कळला होता का, हे नाही.

एका दाव्यात मी केलेल्या मृत्युपत्रावर आमच्याच कारकुनाने साक्षीदार म्हणून सही केली होती. उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी तीनच प्रश्न विचारले. सूचना कोणी दिल्या? मसुदा कोणाला पाठवला? दुरुस्त्या कोणी कळवल्या? तिन्हींचे उत्तर एकच, थोरला मुलगा. वर मुलाने खबरदारी म्हणून केलेल्या व्हिडिओत बाबा सही करताना दिसत होते आणि मागून त्याचाच आवाज येत होता, ‘‘हो म्हणा ना बाबा.’’ तो व्हिडिओ आम्ही दाखल केला नसता तर बरे झाले असते.

तेव्हापासून आमच्याकडे एक रिवाज आहे. पहिल्या बैठकीत अर्धा तास लाभार्थ्याने खोलीबाहेर थांबायचे. समोर चहाची टपरी आहे. हे सांगताना संकोच होतो, मुलाचा चेहरा पडतो, पण सांगायचे. आत बाबांना पहिला प्रश्न मालमत्तेचा विचारायचा नाही. मुले किती, कोण कुठे असते, येऊन जाऊन कोण असते, हे विचारायचे. निवृत्त एसटी वाहक असलेले एक गृहस्थ असे एकटे बसल्यावर बराच वेळ गप्पच होते. मग म्हणाले, ‘‘गावचं घर धाकटीला द्यायचं होतं. पण हा म्हणतो, तिचं लग्नात झालं.’’ आलेल्या मुद्द्यांत धाकटीचे नावही नव्हते. मृत्युपत्र त्यांच्या मनाप्रमाणे झाले. फी अजून यायची आहे.

या बैठकीची हाताने लिहिलेली, तारखेची टिपणे जपून ठेवा. साक्षीदारही नीट निवडा. ७८ वर्षांच्या माणसाला त्याचे ८० वर्षांचे मित्र साक्षीदार देऊन आपण काय साधतो? भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६७ प्रमाणे हयात साक्षीदारांपैकी किमान एकाला कोर्टात उभे करावेच लागते. तेव्हा वयाने लहान, सहज सापडेल असा आणि घरातल्या वाटणीशी संबंध नसलेला माणूस बघा.

खरी काळजी मात्र मला मृत्युपत्रापेक्षा बक्षीसपत्राची वाटते. मृत्युपत्र बाबांना उद्या फिरवता येते, बक्षीसपत्र नाही. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पती-पत्नी, मुले, नातवंडे यांना बक्षीस द्यायची तर २०१५ पासून मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये, स्थानिक अधिभार वेगळा. ‘नंतर कटकट नको’ म्हणून घरे हयातीतच मुलांच्या नावावर होऊ लागली. दुय्यम निबंधकांकडे झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्रावर उमटत नाही म्हणून आजींचा अंगठा चार-चार वेळा पुसून टेकवला जातो. आपण काय देतोय, हे मात्र एकदाही विचारले जात नाही.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम २३ अशा वेळी उपयोगी पडते, पण अटीवर. सांभाळाच्या अटीवर मालमत्ता दिली होती हे दिसले पाहिजे. सुदेश छिकारा प्रकरणात (२०२२) अशी अट दिसली नाही, म्हणून कलम लागू झाले नाही. ऊर्मिला दीक्षित प्रकरणात (२ जानेवारी २०२५) सर्वोच्च न्यायालयाने उदार भूमिका घेऊन आईचे बक्षीसपत्र रद्द केले आणि ताबाही परत दिला. पण तिथे सांभाळाचे वचन लेखी होते. तेव्हा देणाऱ्याचा सांभाळ आणि तहहयात राहण्याचा हक्क ही दोन कलमे दस्तात घाला. घेणारा नाराज होईल. तो आपला पक्षकार नाही.

आणखी एक व्यक्ती आपल्या नजरेतून सुटते. कागदांची पिशवी मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसलेली आई. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे मूलबाळ आणि पती मागे नसलेल्या स्त्रीची स्वकष्टाची मिळकत, मृत्युपत्र नसेल तर, आधी पतीच्या वारसांकडे जाते. ओमप्रकाश वि. राधाचरण (२००९) मध्ये लग्नानंतर तीन महिन्यांतच पती सर्पदंशाने गेलेली, सासरने हाकललेली, माहेरच्यांनी शिकवलेली बाई नोकरी करून पैसे साठवून गेली. ते पैसे नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना मिळाले. एक कागद केला असता तर ते टळले असते.

परवा एक जोडपे आले होते. नवऱ्याचे मृत्युपत्र झाल्यावर मी बाईंना विचारले, ‘‘आणि तुमचं?’’ त्या हसून म्हणाल्या, ‘‘माझं काय आहे?’’ मी त्यांच्या मांडीवरच्या पिशवीतून फ्लॅटचा करारनामा मागून घेतला. खरेदीदार क्रमांक दोन म्हणून त्यांचेच नाव होते. पुढच्या बुधवारी त्यांना एकटीला बोलावले आहे.