पाचव्या पावसाळ्यात पडलेला पूल

पुण्याहून मुंबईला रेल्वेने जाताना खंडाळा मागे पडले की खाली उल्हास नदीचे खोरे दिसू लागते. पावसाळ्यात तर धबधबे पाहायला सारा डबा खिडकीशी येतो. पण शेतकरी बंधूंनो, याच घाटातल्या एका पुलाची गोष्ट आपल्या गावच्या मोरीपर्यंत येऊन पोचते.

बोरघाटाच्या रेल्वेचे काम १८५६ साली सुरू झाले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारला, तेव्हा त्याची पत्नी ॲलिस हिने काम पुढे चालवले. १८६१ मध्ये चाळीस हजारांवर मजूर डोंगर फोडत होते. रोगराईने त्यांतली कितीतरी माणसे दगावली. २५ बोगदे आणि ८ मोठे पूल उभे राहिले आणि एप्रिल १८६३ मध्ये घाट खुला झाला.

त्यांतलाच एक दगडी कमानींचा पूल, इंग्रजी कागदपत्रांत 'म्हाऊ की मल्ली' नावाने नोंदलेला, जुलै १८६७ मध्ये कोसळला. म्हणजे अवघा पाचवा पावसाळा! दोष निघाला तो दगडी बांधकामाच्या निकृष्टपणात. मजुरांनी जीव ओतला, पण देखरेख कमी पडली.

नवे तेवढे कच्चे आणि जुने तेवढे पक्के, असाही हिशेब नाही. महाडजवळचा सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल कित्येक पूर सोसून उभा होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो पुरात गेला आणि एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट वाहून गेल्या.

तेव्हा सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांनो, साकव असो, मोरी असो की बंधारा, पाया भरताना स्वतः जागेवर उभे राहा. गिलावा झाल्यावर आतले काही दिसत नाही. मग मोजमाप वहीवर सही करून काय उपयोग? आणि मंडळी, तुम्हीही बैलगाडी, ट्रॅक्टर त्याच मोरीवरून नेता. पाणी ओसरले की खाली उतरून बघा. दगड निखळला, पायाखालची माती खरवडून गेली, तर ग्रामसभेत लेखी द्या. तोंडी सांगितलेले वाऱ्यावर जाते.

पाऊस कुणाची गय करत नाही. सायबाच्या पुलाचीही त्याने केली नाही.