भिंतीवरचे आजोबा हिरवे का दिसतात?

काळापांढरा फोटो छापायला सगळ्यात महत्त्वाची शाई कुठली? काळी, असं कुणीही म्हणेल. माझं मत विचाराल तर राखाडी! आणि हा विषय फक्त हौशी फोटोग्राफरांचा नाही बरं का. आमच्या अहमदपूरकडे बऱ्याच घरांत आजोबा-पणजोबांचा एखादाच जुना फोटो असतो. तोच स्कॅन करून, मोठा करून, फ्रेममध्ये घालून भिंतीवर लावायचा. पुढच्या पिढीला ते माणूस कसं होतं, हे तेवढ्यावरूनच कळणार.

आता गंमत बघा. साध्या सहा रंगांच्या इंकजेटमध्ये बहुधा राखाडी शाई नसतेच. नुसत्या काळ्याने छापलं, तर उजळ भागात ठिपके विरळ पडतात आणि गालावर रवा सांडल्यासारखं दिसतं. म्हणून प्रिंटर निळा, गुलाबी, पिवळा एकत्र करून राखाडीचं सोंग आणतो. मिश्रण जरा इकडचं तिकडं झालं की फोटोवर झाक येते. ट्यूबलाइटखाली बरे दिसणारे आजोबा ओसरीवरच्या उन्हात हिरवट नाहीतर गुलाबी! शिवाय तिन्ही रंग सारख्या वेगाने उडत नाहीत, त्यामुळे वर्षागणिक झाक वाढतच जाते.

राखाडी शाई म्हणजे सोप्या भाषेत फिका केलेला काळा. ती असली की रंगांची गरज कमी पडते आणि सुरकुत्या, पागोट्याची घडी, सगळं अलगद उतरतं. एप्सनने 2005 मध्ये के3 शाया आणल्या, तेव्हा काळा, फिका काळा आणि त्याहून फिका काळा असे तीन प्रकार दिले ते यासाठीच. कॅननच्या जी570 या इंक टँकवाल्या प्रिंटरमध्येही राखाडीची वेगळी बाटली आहे. ती मात्र डाय प्रकारची. भिंतीवर वर्षानुवर्षं टिकायचं, तर पिगमेंट बरी. पिगमेंटमधला काळा म्हणजे कार्बन, आपलं काजळच की! काजळाच्या शाईने लिहिलेल्या जुन्या पोथ्या आजही वाचता येतात.

शुद्ध कार्बनची छटा किंचित तपकिरी असते. काहींना ती खटकते, त्यांना अगदी तटस्थ राखाडी हवी असते. मला खटकत नाही. निजामाचे छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांचे जुने प्रिंटही तपकिरीच आहेत. छटा कुठलीही असो, उजळापासून गडदापर्यंत एकसारखी हवी, एवढंच.

तेव्हा मंडळी, फोटो मोठा करायला टाकाल तेव्हा स्टुडिओवाल्याला एक विचारा, ‘राखाडी शाई आहे का?’ आधी छोटा तुकडा छापून घ्या, दिव्याखाली बघा, मग उन्हात बघा. आपण फ्रेमच्या नक्षीवर पैसे घालतो आणि शाईवर वाचवतो, हे काही पटत नाही. फ्रेम काय, उद्याही बदलता येईल. मूळ फोटो मात्र दरवर्षी थोडा थोडा फिका होतोय...